एका कराराचे शुद्धलेखन

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक काय घेऊन येतील, याचा नेम नाही. उरणला राहायला आल्यापासून मी लग्नपत्रिका, मानपत्रे, श्रद्धांजलीचे फलक असे पुष्कळ काही तपासून दिले आहे. पण गेल्या आषाढात माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्यासह आली आणि तिने चार पानांचा मसुदा पुढे ठेवला.

"सर, भाषा तेवढी बघा. आम्ही वेगळे होतोय."

मी चष्मा पुसला. अशा वेळी तेवढेच सुचते. दोघांना कुठे बसवावे, हा प्रश्न आम्हालाच पडला. ती दोघे मात्र सवयीने एकाच कोचावर बसली!

भांडण नव्हते, म्हणजे, होऊन संपले होते. वर्षाहून अधिक काळ ती उरणला आणि तो मुंबईला राहत होता. मसुद्यात पितळी घंगाळापासून घराच्या हप्त्यांपर्यंत सारे वाटून झाले होते. माझी पेन्सिल अडली ती एका वाक्यावर : "मुलीचा ताबा आईकडे राहील." ताबा म्हटले की उरणच्या माणसाला संपादनात गेलेली जमीन आठवते. मी शब्द खोडला आणि विचारले, "मुलगी राहणार कुठे? वडिलांना भेटणार कधी?"

तासाभराने नवे वाक्य तयार झाले. मुलगी आईजवळ राहील. दर शनिवारी वडील तिला मोरा बंदरावरून लाँचने नेतील आणि रविवारी संध्याकाळी परत आणतील. दिवाळीही ठरली. अभ्यंगस्नान आईकडे, भाऊबीज बाबांकडे, कारण त्या दिवशी आत्या येते. पाडव्याचे नाव मात्र दोघांनीही काढले नाही. मीही विचारले नाही.

"आता हे स्टँपपेपरवर लिहून दोन साक्षीदार घातले की झाले ना, सर? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

मला रखमाबाई आठवल्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने पुढे नांदायला जाण्याचे नाकारले. नवरा दादाजी भिकाजी यांनी 1884 साली मुंबईत दावा लावला. 1887 साली न्यायालयाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. शेवटी 1888 साली बाहेरच तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. पण तडजोडीने दावा मिटला, लग्न नव्हे. दादाजी वारले तेव्हा त्यांनी वैधव्याची पांढरी साडी नेसली, असे सांगतात.

आमचे एक वकील शेजारी आहेत. त्यांनीही हेच समजावले. ज्या समाजात सोडचिठ्ठीची रूढी सिद्ध करता येते, तिथे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ती राखली आहे. इतरांच्या बाबतीत नुसत्या करारपत्राने लग्न मोडत नाही. उद्या दुसरे लग्न केले, तर ते रद्दबातल ठरते. नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना परस्परसंमतीची वाट 1954 पासून होती. सप्तपदी घातलेल्यांना ती 1976 साली मिळाली. तोवर सुटका हवी असेल, तर एकाने दुसऱ्यावर काहीतरी दोष ठेवायचा! आता वर्षभर वेगळे राहिलेल्या दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा येऊन सांगायचे की विचार तोच आहे. मधल्या काळात कुणालाही मन बदलता येते. योग्य प्रकरणात हे सहा महिने माफही करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली म्हटले आहे.

तेव्हा वाचकहो, त्या म्हणीला मी थोडी पुरवणी जोडली आहे. शहाण्याने भांडायला ती पायरी चढू नये. भांडण घरी मिटवून, शिक्का घ्यायला अवश्य चढावे. मुलांच्या तारखा न्यायाधीशांना नाही, आईबापांनाच ठाऊक असतात.

अर्ज गेला आहे. दुसरी तारीख यायची आहे. त्या दोघांनी सहा महिने माफ करा असे म्हटले नाही. का, ते मी विचारले नाही. परवा शनिवारी मोऱ्याला ती मुलगी दिसली. बाबांचा हात धरून लाँचमध्ये चढली आणि धक्क्यावरच्या आईला ओरडून म्हणाली, "उटणं आणून ठेव हं!"