हार-नारळ शोरूमवाल्याचा, ताबा आपला



सध्या मोबाईलवर एक व्हिडिओ फार फिरतो. नवीन स्पोर्ट्स कार, वर लाल कापड, मालक कापड ओढतो, सगळे टाळ्या वाजवतात. खाली आपली माणसं लिहितात, "एवढ्यात पंधरा एकर बागायत आली असती", "पैशाचा माज". आज मला या लिहिणाऱ्यांशी भांडायचं आहे. माज असेल, नाही म्हणत नाही. पण ट्रॅकवर पळवायला गाडी घेणारा माणूस कापड ओढायच्या आधी आणि नंतर जे करतो, त्यातलं चार आणे जरी आपण ट्रॅक्टर घेताना केलं ना, तरी गावातली निम्मी रडगाणी बंद होतील.

आधी ती गाडी काय असते ते समजून घेऊ. उदाहरणाला पोर्शेची ९११ जीटी३ आरएस घ्या. ४ लिटरचं इंजिन, ५२५ हॉर्सपॉवर, ९००० आरपीएमपर्यंत फिरतं. वजन साधारण १४५० किलो. पुढच्या डिकीत सामान ठेवायला जागाच नाही, कारण तिथं मोठा रेडिएटर बसवलाय. म्हणजे बाजारहाटाला, पाव्हण्याकडं जायला ही गाडी बिनकामाची. ती एकाच कामासाठी बनवली आहे, वळणावर जमीन धरून पळायचं. जर्मनीतल्या नूरबर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर तिनं २०२२ साली ६ मिनिटं ४९ सेकंदांत फेरी मारली.

आता गंमत बघा. एकाच कामासाठी बनवलेलं, सामान ठेवायला जागा नसलेलं, जमीन धरण्यावर सगळा जीव असलेलं यंत्र आपल्याही दारात उभं असतं. त्याचा ट्रॅक म्हणजे आपलं रान. नातं लांबचंही नाही. फेरुचिओ लॅम्बोर्गिनीनं १९४८ साली सुरुवात केली ती ट्रॅक्टरनं, गाड्यांची कंपनी काढली १९६३ साली. पोर्शेच्या नावाचे डिझेल ट्रॅक्टर १९६३ पर्यंत बनत होते. तेव्हा "ते त्यांचं, हे आपलं" असं म्हणू नका. एकाच घरातले दोन भाऊ आहेत, एक शहरात गेला एवढंच.

आता ताबा कसा घेतात ते बघा. जर्मनीत लाइपझिगला पोर्शेच्या कारखान्याशेजारीच ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. गाडी तिथून घ्यायची ठरवली तर गिऱ्हाईकाला प्रशिक्षकासोबत त्याच जातीची गाडी त्या ट्रॅकवर चालवायला मिळते. ब्रेक कुठं मारायचा, वळणात काय करायचं, कुठलं बटण कशासाठी, हे हाताला शिकवतात, मग किल्ली. नवीन इंजिन सुरुवातीचा काही पल्ला पूर्ण आरपीएमला न्यायचं नाही, हे तो माणूस पाळतो. टायरवरचे चार आकडे वाचतो, कितव्या आठवड्यात कुठल्या साली बनला ते बघतो. ट्रॅकवर टायर तापला की हवा वाढते, म्हणून थंड असताना किती ठेवायची ते मोजून ठेवतो. स्टिअरिंगवरच सस्पेन्शनची बटणं आहेत, पुढचं मागचं वेगळं. ती त्या ट्रॅकला लावून घेतो.

आणि आपण काय करतो?

मुहूर्त दसऱ्याचा. शोरूमसमोर तीस ट्रॅक्टर उभे. आपला नंबर आला की हार, नारळ, पेढे, फोटो. पोरगं रील काढतं. डीजेसमोर अर्धा तास इंजिन नुसतं रिकामं तापवायचं, नाहीतर पूर्ण रेस देऊन पुढची चाकं उचलून दाखवायची. सही कुठं? इथं, इथं आणि इथं. पुस्तिका कुठं? सीटखाली. ती तिथंच राहते. ज्या सह्या केल्या त्यात एक कागद पीडीआयचा असतो, म्हणजे ताबा देण्याआधी यंत्राची तपासणी झाली असा. तपासणी कुणी केली, काय केलं, तुम्ही बघितलं नाही, पण झाली म्हणून सही तुमची. उद्या वॉरंटीचं भांडण निघालं की हाच कागद समोर येतो.

वर अजून एक. ट्रॅक्टर चालवणार कोण? भाऊ, पोरगा, नाहीतर गडी. फोटोत कोण? मालक आणि पुढारी. ज्याच्या हातात यंत्र जाणार तो त्या दिवशी शोरूममध्ये नसतोच. पोर्शेवाला निदान स्वतः चालवतो.

माझा ४५ एचपीचा ट्रॅक्टर मी शोरूममध्ये ताब्यात घेतला नाही. आधीच सांगितलं होतं, रानात घेणार, नांगर लावून. सेल्सचा पोरगा हसला. म्हणाला, "काका, असं कुणी घेत नाही." मी म्हणालो, "मग मी पहिला." मुहूर्त सोडून तीन दिवसांनी आले, मेकॅनिकसह. मागच्या टायरात हवा बघितली तर ३० पौंडाच्या वर. वाहतुकीत उसळू नये म्हणून ठेवलेली हवा तशीच शेतकऱ्याच्या गळ्यात. फुगलेला टायर जमिनीला अर्धाच टेकतो, घसरतो, डिझेल पितो आणि खालची माती दाबून ठेवतो. किती ट्रॅक्टर वर्षभर त्याच हवेवर नांगरतात, आजूबाजूला मोजून बघा.

आता मुद्द्याचं, जमीन धरण्याचं. ती जीटी३ आरएस ताशी २८५ किलोमीटर वेगात असते तेव्हा वारा तिच्या पंखांवरून तिला ८६० किलोनं खाली दाबतो. म्हणून ती वळणात सुटत नाही. आपला ट्रॅक्टर नांगरताना चालतो ताशी पाच किलोमीटर. त्याला वारा दाबणार नाही. त्याला दाब द्यायचा तो टायरात पाणी भरून आणि लोखंडी वजनं लावून. त्यांनी पंखासाठी एवढा अभ्यास केला, आणि आपण पाणी भरायचं की नाही हे शेजाऱ्याला विचारून ठरवतो! पल्टी नांगराला वजन लागतं. रोटाव्हेटरला तेवढं लागत नाही, तो स्वतःच ट्रॅक्टरला पुढं ढकलतो. दोन्हीला एकच वजन ठेवलं तर एकीकडं डिझेल जातं, दुसरीकडं काळी माती दबते. वाफसा नसताना जड ट्रॅक्टर रानात घातला तर खाली जो थर बसतो, तो पुढच्या पिकाच्या मुळांना अडवतो, पाणी मुरू देत नाही.

हे मोजायला कंपनीची गरज नाही, खडू पुरतो. मागच्या चाकावर खूण करा. नांगर उचलून धरा आणि कामाच्या गियरमध्ये चाकाच्या १० फेऱ्या होईपर्यंत चालवा, अंतर मोजा. समजा ४० मीटर. मग नांगर जमिनीत घालून त्याच गियरमध्ये, त्याच रेसवर १० फेऱ्या. समजा ३५ मीटर. पाच मीटर घसरला, म्हणजे साडेबारा टक्के. १० ते १५ च्या मध्ये असेल तर ठीक. १५ च्या पुढं गेला तर टायर आणि डिझेल जळतंय. फारच कमी आला तर उगाच वजन वाहताय, माती दाबताय. हे काम ताब्याच्या दिवशी मेकॅनिक समोर असताना करा. नंतर तो फोन उचलेल याची खात्री नाही.

त्यांच्या स्टिअरिंगवर बटणं आहेत म्हटलं, तर आपल्या सीटशेजारी दोन लिव्हर आहेत. एक पोझिशन कंट्रोल, एक ड्राफ्ट कंट्रोल. नांगरटीत कडक जागा आली की ड्राफ्टवाला नांगर आपोआप थोडा उचलतो, इंजिनवर लोड पडू देत नाही. किती जण वापरतात? बरेच जण सगळं आयुष्य एकाच लिव्हरवर काढतात. पैसे दोन्ही लिव्हरचे भरलेत की!

"अहो पण आपलं कोण ऐकतंय?" हा प्रश्न येणारच. ऐकायला लावलेलं आहे मंडळी, शेतकऱ्यानंच. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. विकत घेतलेल्या ट्रॅक्टरांनी त्याला रडवलं. तो आमदार झाला आणि १९१९ साली कायदा आणला, चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही आणि सुटे भाग राज्यात मिळालेच पाहिजेत. आपल्याकडंही मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेते. पीटीओला खरी ताकद किती, ओढ किती, डिझेल किती, लिफ्ट किती उचलते, सगळं अहवालात असतं. गाडीवाल्यांना नूरबर्गरिंगचा वेळ तोंडपाठ असतो. आपल्यातल्या किती जणांनी आपल्या मॉडेलचा बुदनीचा अहवाल मागितलाय? बॉनेटवरचा आकडा बघून यंत्र घ्यायचं आणि रोटाव्हेटर ओढेना म्हणून नशिबाला बोल लावायचा, हे बंद करा.

दुसरा आक्षेप, "त्याच्याकडं पैसा आहे, वेळ आहे." उलट आहे. त्याची गाडी बंद पडली तर एक रविवार वाया जातो. आपला ट्रॅक्टर पेरणीत बंद पडला तर हंगाम जातो, आणि हप्ता थांबत नाही. ज्याचं जास्त जाणार त्यानं जास्त तपासायचं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगलं झालं. पण वाचलेल्या पैशाचा डीजे लावणार असाल तर काय उपयोग?

तेव्हा ताबा घेताना एवढं करा. फोटो काढून ठेवा ही पोस्ट.

१. मुहूर्त पाहिजेच तर पूजा मुहूर्तावर, ताबा दुसऱ्या दिवशी. तपासणी झाल्याशिवाय पीडीआयवर सही नाही.

२. चासी नंबर, इंजिन नंबर कागदाशी ताडा. विक्री प्रमाणपत्र, विमा हातात घ्या. टायर आणि बॅटरीची तारीख वाचा. मीटरवर किती तास आहेत त्याचा फोटो काढा.

३. हवा समोर मोजून घ्या. शेतात मागच्या टायरला साधारण १२ ते १४ पौंड, ट्रॉलीला जास्त. नेमका आकडा पुस्तिकेत आहे.

४. जो चालवणार आहे त्याला घेऊन जा. दोन्ही लिव्हर, पीटीओ, गियर त्याला शिकवा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल जोडूनच चालवायचे, हे त्याच्याकडून वदवून घ्या.

५. पहिले ५० तास मध्यम लोड. रेस ताणायची नाही आणि रिकामंही तापवत ठेवायचं नाही. रिंगा लोडवर बसतात. नुसतं उभं ठेवलं की लायनर गुळगुळीत होतो आणि मग इंजिन ऑइल खातं. बहुतेक कंपन्यांची पहिली सर्व्हिस ५० तासांच्या आसपास असते, ती चुकवू नका.

आमच्या कृषी पदवीधर मित्रांनाही एक सांगणं. खताच्या मात्रेवर तुम्ही तासभर बोलता. टायरातल्या हवेवर शिवारफेरीत दहा मिनिटं बोला. दबलेल्या मातीत तुमचं शिफारशीचं खत तरी कुठं पोचणार?

आणि शोरूमवाल्यांनो, राग मानू नका. गर्दी आहे हे आम्हाला कळतं. पण कोट्यवधीच्या गाडीला ट्रॅकवर नेऊन शिकवतात आणि आठ लाखांच्या ट्रॅक्टरला पेढा देऊन वाटेला लावतात, हा हिशोब चुकीचा आहे. एक मेकॅनिक, दोन तास, गिऱ्हाईकाच्या रानात. एवढंच मागणं आहे.

पटलं तर ट्रॅक्टर घेणाऱ्याला पाठवा. नाही पटलं तर खडू घेऊन रानात जा, दहा फेऱ्या मोजा आणि आकडा घेऊन भांडायला या.