सुफळ संपूर्णाचा अट्टाहास

गोष्ट मध्येच तुटली की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो, हे मला कोणी शिकवायला नको. वर्गात गोष्ट सांगता सांगता तास संपल्याची घंटा झाली की चाळीस मुलांच्या चेहऱ्यांवर काय उमटते, ते मी रोज पाहतो. पण तुटलेल्या गोष्टीला तेरा वर्षांनी एक गोड शेपूट जोडावे आणि जाणत्या म्हणवणाऱ्या रसिकांनी 'झाले एकदाचे सुफळ संपूर्ण' म्हणून समाधानाचा सुस्कारा टाकावा, याला रसिकता म्हणायची माझी तयारी नाही. मी बोलतो आहे ते 'डेडवुड' या अमेरिकन मालिकेविषयी. २००४ च्या मार्चमध्ये एचबीओ या दूरचित्रवाणी कंपनीने ती सुरू केली, २००६ च्या ऑगस्टमध्ये छत्तीस भागांनंतर ती थांबली आणि २०१९ च्या मे महिन्यात तिचा 'शेवट' म्हणून एक चित्रपट आला. चित्रपट आल्यावर सगळीकडे एकच सूर निघाला: अन्याय दूर झाला! माझे म्हणणे असे की, अन्याय त्या दिवशी झाला.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डेडवुड हे खरेखुरे गाव आहे, अमेरिकेतल्या साउथ डाकोटात, ब्लॅक हिल्स नावाच्या डोंगरांत. १८६८ च्या तहाने हा मुलूख अमेरिकन सरकारने लाकोटा लोकांना लिहून दिला होता. १८७४ साली कस्टर नावाचा सेनाधिकारी तिथे फौज घेऊन फिरून आला, सोने सापडल्याची हाकाटी झाली आणि १८७६ पर्यंत ओढ्याच्या काठी तंबूंचे, फळकुटांचे एक बेकायदा गाव उभे राहिले. बेकायदा म्हणजे अक्षरशः बेकायदा. वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला तिथे २ ऑगस्ट १८७६ रोजी पत्ते खेळताना पाठीमागून गोळी घातली गेली. गावकऱ्यांनी पंच नेमून खटला चालवला आणि मारेकऱ्याला चक्क सोडून दिले. पुढे यँक्टनच्या सरकारी न्यायालयाने त्याला पुन्हा उभा करून १८७७ च्या मार्चमध्ये फासावर चढवले. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा, असे विचारू नका. ज्या गावालाच कायद्यात जागा नाही, त्याच्या न्यायालयाला ती कुठली असणार!

मालिकेचे कर्ते डेव्हिड मिल्च. येल विद्यापीठात साहित्य शिकवलेला हा माणूस. मुळात त्यांना नीरोच्या काळच्या रोममधल्या शिपायांची गोष्ट सांगायची होती. पण एचबीओकडे रोमवरची एक मालिका आधीच घाटत होती, म्हणून त्यांनी तोच प्रश्न उचलून डाकोटात नेला. प्रश्न असा: जिथे कायदा नाही तिथे माणसे एकत्र राहायला कशी शिकतात? आणि त्यांचे उत्तर आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्यासारखे मुळीच नाही. माणसे सद्गुणाने नव्हे, गरजेने एकत्र येतात. गावात देवीची साथ येते. लस आणायची तर पैसा हवा, आजाऱ्यांना वेगळे ठेवायचे तर तंबू हवेत, कोणी काय करायचे ते ठरायला हवे. म्हणून गावातले टगे, दुकानदार, डॉक्टर आणि वर्तमानपत्राचा संपादक एका गुत्त्यातल्या टेबलाभोवती बसतात. टेबलावर डब्यातल्या पीचच्या फोडी मांडलेल्या. त्या गावची पहिली नगरपालिका ती हीच! मी आजवर नगरपालिकांच्या पुष्कळ सभा पाहिल्या. इतकी खरी एकही पाहिली नाही.

ज्याच्या गुत्त्यात ही सभा भरते तो अल स्वेअरेंजन. गुत्ता खाली, कुंटणखाना वर. इयन मॅकशेन या नटाने तो असा उभा केला आहे की त्याचा राग यावा, किळस यावी आणि तो पडद्यावरून गेला की चुकल्याचुकल्यासारखे वाटावे. तो खून करवतो, बायकांना मारतो, लोकांच्या खाणी बळकावायला बघतो. आणि तोच स्वेअरेंजन, मेंदूतल्या गाठीने तडफडणाऱ्या एका साध्याभोळ्या पाद्र्याला आपल्या हाताने शांतपणे मरण देतो, कारण डॉक्टरला ते करवत नाही आणि देवाला दया येत नाही. यात त्याला साधू ठरवण्याचा प्रकार नाही. ज्या हाताने त्याने गळे कापले त्याच हाताने तो हे करतो, आणि हात तोच आहे हे मालिका आपल्याला क्षणभरही विसरू देत नाही. त्याच्यासमोर शेरीफ सेथ बुलक: सरळ, तापट, आणि आपल्या सरळपणावर थोडा भाळलेला. बुलक हाही इतिहासातलाच माणूस.

आता भाषेविषयी, कारण दिवाळीत घरातली वडीलधारी मंडळीही हा अंक वाचतात. मालिकेत शिव्या आहेत, आणि त्या मोजायला बसाल तर बोटे पुरणार नाहीत. पण जो गुंड एका वाक्यात तीन शिव्या घालतो, त्याच वाक्याची ठेवण जुन्या बायबलसारखी, नाटकी लांबणीची असते. मिल्च जमिनीवर आडवे पडून संवाद सांगत आणि लिहिणारा टंकावर उतरवून घेई, असे त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितले आहे. ते ऐकताना पटते. ही लिहिलेली भाषा नव्हेच, बोललेली आहे.

दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस जॉर्ज हर्स्ट येतो. हाही ऐतिहासिक पुरुष; वर्तमानपत्रांचा बादशहा विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याचा बाप. त्याने आणि त्याच्या भागीदारांनी १८७७ साली होमस्टेक ही खाण विकत घेतली. मालिकेतला हर्स्ट मिल्चनी पुष्कळसा आपल्या मनाने रचला आहे, हे मान्य. त्याला माणसांत रस नाही, जमिनीखालच्या रंगात आहे. आल्मा गॅरेट या विधवेची खाण हवी म्हणून तो तिचा नवरा एल्सवर्थ, म्हणजे अख्ख्या गावातला एकुलता एक निर्मळ माणूस, गोळी घालून मारवतो. संतापाच्या भरात ट्रिक्सी हर्स्टवर गोळी झाडते. ही पूर्वी स्वेअरेंजनच्या घरात धंदा करणारी, त्याच्या फार जवळची. हर्स्ट जखमेवर निभावतो आणि निरोप पाठवतो: त्या बाईचे प्रेत मला दाखवा, नाहीतर गाव जाळतो. स्वेअरेंजन काय करतो? आपल्याच घरातली जेन नावाची दुसरी पोरगी, जी दिसायला ट्रिक्सीच्या जवळपास आहे, तिचा गळा कापतो. जॉनी नावाचा त्याचा भाबडा नोकर आडवा येतो, कारण त्याचा जेनवर जीव होता. हर्स्ट प्रेत पाहतो, समाधान पावतो, आल्माकडून खाण घेतो आणि गाडीत बसून निघून जातो. सगळे गाव बंदुका धरून बघत उभे राहते. एकही गोळी सुटत नाही. निवडणुकीत बुलक हरला आहे, कारण हर्स्टने आणवलेल्या सैनिकांची मते त्याच्या विरोधात पडली. मग जॉनी येऊन विचारतो, तिला फार त्रास झाला का हो? स्वेअरेंजन काहीतरी उत्तर देऊन त्याला वाटेला लावतो आणि गुडघ्यांवर बसून लाकडी जमिनीवरचे रक्त घासत राहतो. पोराला काहीतरी गोड ऐकायचे आहे, असे तो स्वतःशीच पुटपुटतो. मालिका तिथे थांबली.

ती तिथे थांबावी असे मिल्चनी ठरवले नव्हते. खर्च आणि हक्कांची वाटणी यांवरून कंपन्यांचे बिनसले, चौथ्या पर्वाऐवजी सहाच भाग देऊ केले गेले, मिल्चनी ते नाकारले, मग दोन चित्रपटांचे वचन मिळाले आणि तेही हवेत विरले. कंपनीचे वर्तन वाण्याला शोभेल असेच होते. मी तिची वकिली करत नाही. पण अपघाताने का होईना, गोष्ट नेमकी जिथे थांबायला हवी तिथे थांबली होती. गाव वाचले, आणि ते जेनच्या रक्तावर वाचले. हे सांगून झाल्यावर आणखी सांगण्यासारखे काय उरते?

तेरा वर्षे 'शेवट द्या, शेवट द्या' हा घोष चालू राहिला. आणि मग शेवट आला. १८८९ साल, साउथ डाकोटा राज्य होण्याचा उत्सव, हर्स्ट आता सिनेटर होऊन परततो. टेलिफोनच्या खांबांसाठी जागा देत नाही म्हणून चार्ली अटर या जुन्या सज्जन पात्राचा बळी जातो. पुढे लिलावात आल्मा हर्स्टच्या वरताण बोली लावून ती जागा घेते. ट्रिक्सीच्या लग्नात हर्स्ट तिला पकडायला येतो, तर बुलक त्यालाच पकडून रस्त्याने कोठडीकडे नेतो आणि जमाव त्या सिनेटरला लाथाबुक्क्यांनी तुडवतो. बुलक जरा वेळ तुडवू देतो, मग बायकोकडे नजर जाते आणि थांबवतो. स्वेअरेंजन आपल्या बिछान्यात, ट्रिक्सीच्या सोबतीत, हळूहळू मरणाला लागतो. बाहेर बर्फ पडते आहे. डोळे पुसा आणि घरी जा!

मी म्हणतो, जॉनीला जे गोड हवे होते ते तेरा वर्षांनी सगळ्या प्रेक्षकांना वाटले. मालिकेने ज्याला खोटेपणा म्हणून दाखवले, तेच चित्रपटाने प्रसाद म्हणून दिले. हर्स्टला चार लाथा बसल्या की जेनचा हिशेब चुकता झाला असे आपल्याला वाटू लागते. पण जेनचा गळा हर्स्टने कापला नव्हता. ज्याने कापला तो आपला लाडका, आणि त्याच्या उशाशी बसून आपण रडतो आहोत.

यावर तीन उत्तरे मला ऐकवली जातात. पहिले, चित्रपट खुद्द मिल्चनीच लिहिला. खरे आहे. त्याच वर्षी त्यांना स्मृतिभ्रंशाचा आजार जडल्याचे जाहीर झाले. अशा अवस्थेत त्यांनी लिहिले याबद्दल माझे मस्तक लवते, आणि माझे भांडण त्यांच्याशी नाही, घोष करणाऱ्यांशी आहे. दुसरे, म्हातारे झालेले तेच नट पुन्हा पाहून बरे वाटले. मलाही वाटले. लग्नाच्या पंगतीत जुनी माणसे भेटली की वाटते तसे; पंगत म्हणजे नाटक नव्हे. तिसरे उत्तर जास्त जोराचे: खलपुरुषाला शिक्षा झालेली पाहण्याचा लोकांना हक्क नाही काय?

माझ्या एका कादंबरीत सावकार शेवटी स्वस्थ झोपी जातो. एका वाचकाने पत्र लिहून विचारले, 'त्याला निदान अर्धांगवायू तरी का होऊ दिला नाही?' मी उत्तर लिहिले की, आपल्या पंचक्रोशीतल्या किती सावकारांना आपण अर्धांगवायू झालेला पाहिलात ते कळवावे. पुन्हा पत्र आले नाही. पानिपतावरच्या कादंबऱ्या आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचतो. शेवटच्या प्रकरणात अब्दालीला चपराक बसावी असे कुणी म्हणत नाही. मग अमेरिकन गोष्टीलाच ही सवलत का?

खरा हर्स्ट १८९१ साली सिनेटर असतानाच वारला, मानाने. होमस्टेकमधून २००२ पर्यंत सोने निघत होते. सव्वाशे वर्षांत सुमारे चार कोटी औंस. आणि ज्यांचा तो डोंगर, त्या लाकोटांचे काय? १८७७ मध्ये कायदा करून तो काढून घेतला गेला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे घेणे भरपाईस पात्र ठरवून दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर केली. लाकोटांनी ती घेतली नाही. आम्हाला पैसे नकोत, डोंगर हवेत, असे त्यांचे म्हणणे. मालिकेतही हे लोक जवळजवळ नाहीतच. आहे ते एक कापलेले मुंडके, बक्षिसाच्या लोभाने कोणी आणलेले. स्वेअरेंजन ते पेटीत ठेवतो आणि रात्री दारू पिताना त्याला 'सरदार' म्हणून मनातले सगळे सांगतो. हा मालिकेचा मोठा दोष आहे असे काही टीकाकार म्हणतात. असेलही. पण गावात एकाच श्रोत्यापुढे हा माणूस खरे बोलतो, आणि त्या श्रोत्याचा मुलूख आपण बळकावून बसलो आहोत हे त्याला पक्के ठाऊक आहे, एवढे त्या पेटीने मला सांगितले. चित्रपटातल्या सबंध उत्सवाने, राज्याच्या झेंड्यांनी आणि वाजंत्रीने तेवढेही सांगितले नाही.

तेव्हा ज्यांना पाहायची असेल त्यांनी मुले निजल्यावर, आवाज लहान करून, छत्तीस भाग पाहावेत. एका बैठकीत चार-चार भाग संपवू नयेत. ती भाषा कानात मुरायला रात्र लागते. छत्तिसावा संपला की दिवा मालवावा. चित्रपट लगेच लावू नये. दोन-तीन महिने जाऊ द्यावेत आणि मगही पाहावासा वाटलाच, तर जॉनीबरोबर बसून पाहावा.