कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो तेव्हा



२६ जानेवारी २०२५ रोजी अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम झाला आणि डिस्ने प्लस हॉटस्टारवरून तो घरोघरी थेट दाखवला गेला. त्याआधी १८, १९ आणि २१ तारखेला हाच बँड नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गाऊन गेला होता. तिकिटे अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत, आणि तीही सप्टेंबरातच हातोहात संपलेली. यंत्रमागाच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला यातले स्वस्तातले तिकीट तरी कसे परवडणार? मोबाईलमुळे मात्र सोलापुरातली कॉलेजची पोरेही त्या स्टेडियमात जाऊन बसली.

पाहणे आले की मते आलीच. आमच्या भाचीला रोषणाई आवडली. प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याची पट्टी आणि एका इशाऱ्यासरशी सगळे मैदान एकाच रंगात! तिच्या अब्बांचे म्हणणे, गाणे थोडे आणि दिवेच फार. दादीने एवढेच विचारले, "इतकी माणसं रात्री घरी कशी जात असतील गं?" संगीत ऐकावे की नाही, यावरच आपल्या घरांत एकमत नाही. कुणाला कव्वालीही चालत नाही, कुणाचा दिवस नातशरीफ ऐकल्याशिवाय सुरू होत नाही. हे वाद चालायचेच. मत गाण्याबद्दल असते तोवर कुणाचे काही बिघडत नाही.

बिघडते ते मत माणसांवर घसरले की. या बँडच्या कार्यक्रमात एक खेळ असतो. कॅमेरा गर्दीत फिरतो, एखादा चेहरा मोठ्या पडद्यावर येतो आणि गायक ख्रिस मार्टिन त्याच्यावर जागच्या जागी ओळी रचून गातो. बहुतेक वेळा सगळे हसतात आणि पुढे जातात. १६ जुलै २०२५ ला अमेरिकेत बॉस्टनजवळ तसे झाले नाही. पडद्यावर आलेल्या एका जोडीने घाईघाईने तोंड लपवले. गायकाने त्यावर विनोद केला. प्रेक्षकांतल्या कुणीतरी तो प्रसंग मोबाईलवर टिपला आणि बघता बघता तो जगभर पोहोचला. पुरुष एका कंपनीचा प्रमुख, बाई त्याच कंपनीतली अधिकारी. दोघांनाही पद सोडावे लागले.

एवढ्यावरही लोकांचे समाधान झाले नाही. त्या पुरुषाच्या नावाने खोटे माफीपत्र फिरले. व्हिडिओत शेजारी दिसणारी बाई म्हणून भलत्याच एका महिलेचे नाव पसरवले गेले. ती तिथे नव्हतीच, असा खुलासा कंपनीला करावा लागला.

"चूक केली, मग भोगा की," असे कुणी म्हणेल. ठीक आहे. जाब कंपनीने विचारावा, घरच्यांनी विचारावा. पण हजारो मैलांवर बसून तो व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्याचा यात काय हक्क? खरी गोष्टही पाठीमागे चघळली तर ती गीबत आणि खोटी असली तर बोहतान, हे आपण मदरशात लहानपणीच शिकलो. फॉरवर्डचे बटण एका दाबात दोन्ही करून मोकळे होते. मराठीत 'पडद्यावर आणणे' म्हणजे दाखवणे आणि 'पडदा टाकणे' म्हणजे झाकणे. बुजुर्गांनी दुसऱ्याच्या ऐबाबाबत आपल्याला दुसरे शिकवले, आपण रोज पहिले करतो.

हे फक्त अमेरिकेतच घडते असे नाही. आपल्या शादीखान्यात बायकांच्या बाजूला मुली घरच्यासारख्या मोकळ्या बसतात, हसतात, गाणी म्हणतात. कुणीतरी हौसेने मोबाईल फिरवते आणि वलीम्याच्या आधी तो व्हिडिओ शंभर जणांच्या स्टेटसवर असतो. मग शेरे सुरू होतात. ठरत आलेले एक स्थळ अशाच काही सेकंदांच्या तुकड्यावरून मोडलेले मी पाहिले आहे. त्यात ती मुलगी मामेबहिणीशी बोलताना खळखळून हसत होती, इतकेच. तिला कुणी विचारून चित्रण केले नव्हते आणि स्थळ मोडल्यावर तिची कैफियत ऐकायलाही कुणी आले नाही.

याच मार्टिनची एक सवय मात्र घेण्यासारखी आहे. कार्यक्रमात एका गाण्याच्या वेळी तो गाणे थांबवतो आणि सांगतो, मोबाईल खिशात ठेवा. हजारो लोक त्याचे ऐकतात. मग दुल्हनच्या खालाने किंवा फुफीने तेवढेच सांगितले तर शंभर बायका ऐकणार नाहीत काय? दावतनाम्यातच एक ओळ छापावी: बायकांच्या दालनात कृपया चित्रण करू नये. आठवण म्हणून घरच्या एखाद्या मुलीने व्हिडिओ घ्यावा आणि तो घरातच ठेवावा. स्टेटसवर काही टाकायचेच असेल, तर त्यात दिसणाऱ्या प्रत्येकीला आधी विचारावे. एकीनेही नाही म्हटले, तर टाकू नये.

आणि दुसऱ्याचा व्हिडिओ आपल्याकडे आलाच, तर तो पुढे न पाठवता पुसून टाकावा. त्याला पैसा लागत नाही की वेळ.

या हंगामात ज्यांच्या घरी शादी आहे, त्यांनी हे करून पाहावे. कसे जमले, कोण रुसले, तेही कळवावे.