दातांवरचा लेप आणि कूपनलिकेचे पाणी

उपवर मुलीचे दात ‘नीट करून घ्यावेत’, अशी सूचना हल्ली अनेक घरांत होते. त्यावर सोपा उपचार म्हणजे बाँडिंग. दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरबरीत करायचा, त्यावर दाताच्याच रंगाचे रेझिन बसवायचे आणि निळ्या प्रकाशाने ते कठीण करायचे. आम्लाची ही युक्ती अमेरिकन दंतवैद्य मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली मांडली.

याला नटवेपणा म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील फ्लोराइडग्रस्त गावांत पिवळ्या-तपकिरी डागांपायी हसताना तोंडावर हात धरावा लागणाऱ्या मुलीला मोकळे हसू मिळत असेल, तर तो खर्च सार्थकी लागला.

परंतु लेप हा अंतिम उपाय नव्हे. चहा-तंबाखूने तो डागळतो, काही वर्षांत झिजतो आणि पुन्हा खर्च येतो. मूळ दोष पाण्यात आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास अयोग्य मानले जाते. कायमच्या दातांचे कवच घडत असताना, म्हणजे साधारण ८ वर्षांपर्यंत, असे पाणी पोटात गेले, की डाग जन्माचा सोबती होतो.

तेव्हा दंतवैद्याकडे निघालेल्या लेकीला अडवू नका. मात्र तिच्या धाकट्या भावंडाच्या पेल्यात कोणते पाणी आहे, तेही तपासून घ्या. गावाने कूपनलिकेचा नमुना प्रयोगशाळेत धाडण्याचा आग्रह धरला, तर पुढच्या पिढीला लेपाची गरजच उरणार नाही.