एक जादा तार

आमचे घर जुने, भिंती हात-हात रुंदीच्या. दिवाणखान्यातले वायफाय मागच्या खोलीपर्यंत जाता जाता दम सोडी. गेल्या दिवाळीत भाच्याने यावर इलाज केला. दिवाणखाना, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची खोली अशा चार ठिकाणी त्याने चार लहान पेट्या ठेवल्या. "मामा, याला मेश म्हणतात," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी इस्त्री लावण्यासाठी मी माजघरातली पेटी काढली. आता मागून आरडाओरड होणार म्हणून कान टवकारले, पण छे! मागची पेटी मुकाट्याने स्वयंपाकघराच्या वाटेने बोलू लागली होती.

यातली युक्ती अशी. आपले शेजारी कोण आणि कोणामार्फत कुठे पोचता येते, याची नोंद प्रत्येक पेटी स्वतःजवळ ठेवते. निरोपाचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येकावर पत्ता असतो. एक शेजारी गप्प झाला की तुकडे दुसऱ्याच्या हाती द्यायचे. याउलट सगळ्या तारा एकाच मध्यावर आणल्या, तर तो मध्य बंद पडताच सारेच मुके होतात.

मग प्रत्येकाला प्रत्येकाशी का जोडू नये? जोडता येते, पण हिशेब पाहा. पाच ठिकाणांना १० तारा, दहांना ४५ आणि शंभरांना ४९५०! एवढा खर्च कोण करणार?

अमेरिकेतील रँड या संस्थेतल्या पॉल बॅरन या इंजिनिअरने हेच कोडे सोडवले. अणुहल्ल्यात मुख्य केंद्रे उडाली तरी संदेश कसे चालू राहतील, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत उत्तर आहे: सर्वांना सर्वांशी जोडण्याची गरज नाही. सगळे नुसते एकत्र राहण्यापुरत्या जेवढ्या तारा लागतात, त्यांच्या तिप्पट-चौपट असल्या तरी जाळे फार मोठा मार सोसते.

पुढे १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले, तेव्हा त्यात चारच ठिकाणे होती. लॉस एंजेलिस, सांता बार्बरा आणि स्टॅनफर्ड यांचा त्रिकोण होता. एक बाजू तुटली तरी दुसरीकडून वळसा घालता येई. चौथे, उटा, मात्र केवळ स्टॅनफर्डच्या एका तारेवर लटकलेले होते. ती तुटली की उटा एकटे!

हे वाचताना मला आमच्या आत्या आठवल्या. आम्ही चुलत-आते मिळून २२ भावंडे. पण प्रत्येकाची तार आत्यांशी. कोणाचे लग्न ठरले, कोण आजारी आहे, सारे त्यांच्याकडून कळे. आत्या गेल्या. भांडण कोणाचेच नव्हते. पण आमच्या नागपूरच्या चुलतभावाचे हृदयाचे ऑपरेशन झाले, हे मला आठ महिन्यांनी एका लग्नात तिऱ्हाइताकडून कळले. त्याला वाटले, मला कळले असेल आणि मी आलो नाही. मला वाटले, सारे क्षेम आहे.

त्या रात्री त्याला फोन केला. पहिली पाच मिनिटे दोघेही हवापाण्यावर बोललो. मग तो म्हणाला, "अरे, मी वाट पाहत होतो."

बावीस जणांनी परस्परांशी संबंध ठेवायचे तर २३१ जोड्या होतात. ते कोणालाच झेपायचे नाही. पण प्रत्येकाने तिघाचौघांना तरी स्वतःहून विचारले, तर कोणी उटा होणार नाही. माझ्या वाट्याचे तिघे मी ठरवले आहेत. एक नागपूरचा आहे. या भाऊबीजेला तो आमच्याकडे येतो आहे. मागची खोली त्याच्यासाठी झाडून ठेवली आहे.