पास काढावा की तिकीट?

चैत्यभूमी, महाड आणि सातारा असा दौरा एकाच खेपेत करायचा ठरला की आम्हाला पहिला प्रश्न येतो, "एसटीचा पास परवडेल का?" याचे उत्तर सर्वांना सारखे नाही. माणूस कोण आणि किलोमीटर किती, यावर ते ठरते.

एसटी महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना 1988 पासूनची. पास चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा मिळतो. मुदतीत राज्यभर कितीही फिरावे. पासाचा दर वेळोवेळी बदलतो, म्हणून आधी आगारात विचारावा.

आता हिशेब. 25 जानेवारी 2025 च्या भाडेवाढीत साध्या गाडीचा दर 6 किलोमीटरच्या टप्प्याला 10 रुपये 5 पैसे झाला. पास 1,300 रुपयांचा आहे असे धरू. 1,300 ला 10.05 ने भागून 6 ने गुणले की 776 येतात. चार दिवसांत त्याहून जास्त किलोमीटर होणार असतील तरच पास घ्यावा.

सांगली ते मुंबई सुमारे 380 किलोमीटर, मुंबई ते महाड 170, महाडहून आंबेनळी घाटाने सातारा 115 आणि तेथून सांगली 120. एकूण 785. तिकिटाने ढोबळ खर्च 1,316 रुपये. म्हणजे पासाने वाचले सोळा रुपये! त्यासाठी चार दिवस पळापळ. चवदार तळ्याकाठी निवांत बसायचे असेल, बाबासाहेब 1900 साली ज्या शाळेत दाखल झाले ते साताऱ्याचे प्रतापसिंह हायस्कूल मुलांना दाखवायचे असेल, तर मुक्काम वाढतो आणि पासाची मुदत संपते.

खरी गंमत पुढेच आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत. पासाला मात्र प्रौढ आणि मूल असे दोनच दर. नवरा, बायको, 76 वर्षांची आजी आणि दहा वर्षांचा मुलगा अशा चौघांनी पास काढले तर 4,550 रुपये जातील. तिकिटे काढली तर 1,316, 658, शून्य आणि 658, मिळून 2,632. फरक 1,918 रुपयांचा! हातावर पोट असलेल्या घरात ही काही दिवसांची मजुरी झाली. तेव्हा सगळ्यांसाठी एकच पावती फाडू नये; माणसागणिक हिशेब मांडावा. वयाचा पुरावा विसरू नये. आणि सांगली, मिरजकरांनी हेही ध्यानात ठेवावे की या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढे कर्नाटकात पूर्ण भाडे पडते.

रोज कामावर जाणाऱ्यांचे गणित वेगळे. एसटीचा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालतो. महिन्यात 26 दिवस कामावर जाणाऱ्या पुरुषाचे सहा दिवसांचे भाडे वाचते. बाईमाणसाचे 26 दिवसांचे अर्धे तिकीट म्हणजे तेरा दिवसांचेच भाडे. तिने तिकीटच काढावे.

रेल्वेचा मासिक पास स्वस्त, पण आरक्षित डब्यात चालत नाही. शिवाय साताऱ्याचे स्टेशन माहुलीला, गावापासून दूर. रिक्षाचे पैसेही हिशेबात धरा.

पास म्हणजे जागेची हमी नव्हे. 6 डिसेंबरच्या गर्दीत हे विसरू नका. निघण्याआधी घरातल्या शाळकरी मुलालाच कागद-पेन्सिल देऊन बेरीज करायला लावा. पैसे वाचतील आणि पोराचे गणितही पक्के होईल. जय भीम!