टीव्ही प्रॉडक्शनची डिग्री : बारावीनंतर लगेच, की पदवी झाल्यावर?

बारावीचा निकाल लागला की पुण्या-मुंबईच्या खासगी विद्यापीठांच्या जाहिराती बेळगाव, खानापूर, निपाणीपर्यंत पोचतात. त्यात टेलिव्हिजन प्रॉडक्शनची डिग्रीही असते. फी वर्षाला लाखांत. घरात चर्चा सुरू होते ती एकाच गोष्टीची : एवढे पैसे घालायचे का? त्याआधी विचारायला हवं ते हे, की ही डिग्री बारावीनंतर लगेच घ्यायलाच हवी का?

पुण्याची एफटीआयआय १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिचा टीव्ही विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून पुण्यात आला. तिथले टीव्हीचे वर्षभराचे कोर्स पदवीनंतरचे आहेत. दिग्दर्शन, कॅमेरा किंवा एडिटिंगला कुठल्याही शाखेची पदवी चालते. कोलकात्याची सत्यजित राय संस्था आणि दिल्लीच्या जामियातलं मास कम्युनिकेशनचं एमए, इथेही पदवीच आधी लागते.

म्हणजे राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या जवळच्या कॉलेजात घरी राहून बीए, बीकॉम करायचं आणि मग प्रवेश परीक्षेला बसायचं, हा रस्ता उघडा आहे आणि स्वस्तही. धोका एवढाच, की जागा मोजक्या आणि स्पर्धा देशभरातली. नंबर लागला नाही तर हातात साधी पदवी राहते. म्हणून ती तीन वर्षं रिकामी घालवून चालणार नाही. गावची जत्रा, नाट्यस्पर्धा शूट करा, स्वतः एडिट करा. मालिकांचं शूटिंग काही मुंबईतच होतं असं नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळच्या वसगडेत झाली.

आता सीमाभागाचा खास मुद्दा. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंगसारख्या सामायिक प्रवेशात ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना राज्याचे उमेदवार धरतात. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. बरेच पालक हीच सवलत सगळीकडे चालेल असं धरून बसतात. तसं नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठं प्रवेशाचे आणि फीचे नियम आपापले ठरवतात. एफटीआयआय केंद्र सरकारची, तिथे महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा हा प्रश्नच येत नाही. उलट कर्नाटक सरकारची हेसरघट्ट्याची फिल्म-टीव्ही संस्था कॅमेरा आणि साउंडचा डिप्लोमा देते. आपण कर्नाटकात राहतो, तर तिचा फॉर्म भरायला लाजायचं कारण नाही.

तरीही खासगी विद्यापीठच घ्यायचं ठरलं, तर तीन गोष्टी विचारा. एक, डिग्री नक्की कोण देणार? यूजीसी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो अधिकार विद्यापीठालाच असतो. नुसत्या ‘अकॅडमी’ला नाही. दोन, मल्टिकॅमेरा स्टुडिओ आणि कंट्रोल रूम चालू आहे का, आणि एका मुलाच्या वाट्याला आठवड्याला किती तास येतात? तीन-चार कॅमेरे एकाच वेळी हाताळून तिथल्या तिथे कट करणं हेच टीव्हीचं खास काम. ते पुस्तकातून येत नाही. तीन, मागच्या बॅचची मुलं आज कुठे कामाला आहेत? त्यांचे नंबर मागा आणि स्वतः फोन करा.

उत्तरं लेखी मिळाली तर पुढे जा. टाळाटाळ झाली, तर पहिला हप्ता भरू नका. पदवीनंतरचा दरवाजा तीन वर्षांनीही उघडाच असेल. भरलेली फी मात्र परत मिळवायला फार हेलपाटे पडतात.